शिवलकर बाईंचा नवा विद्यार्थी

शिवलकर बाई मला 'सर' म्हणत. त्या शब्दात आदर थोडा आणि हुकूम जास्त असे. "सर, वायर," एवढंच म्हणत, की मी उठायचं, प्रोजेक्टरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये नीट दाबून धरायची आणि भिंतीवर चित्र उमटलं की परत खुर्चीत येऊन बसायचं. माझा जन्म विज्ञान शिकवण्यात गेला. त्याच शाळेत बाई पी.टी. शिकवत. नोकरीत असताना आमचा संबंध एवढाच होता, की माझ्या तासाला त्यांची शिट्टी मैदानावरून ऐकू यायची आणि माझी मुलं माझ्याकडे बघायचं सोडून खिडकीकडे बघायची. निवृत्त झाल्यावर मी सुटलो असं वाटलं होतं. पण एका सकाळी बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्हाला वायरींचं कळतं. रविवारी हॉलवर या." कसला हॉल, कशासाठी, हे विचारेपर्यंत त्या फाटकाबाहेर पडल्या होत्या.

उंची बेताची, पाठ ताठ. अंगावर सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट रोज पांढरेशुभ्र, रत्नागिरीच्या लाल मातीत हे त्यांना कसं जमायचं देव जाणे. गळ्यात शिट्टी. ती लग्नकार्यातही असायची. कुणी हसलंच तर म्हणायच्या, "मंगळसूत्र नाही, म्हणून गळा रिकामा कशास ठेवू?" आणि त्यानंतर हसणाऱ्याची नखं बघायच्या. नखं बघणं ही त्यांची जुनी खोड. बँकेच्या मॅनेजरांचीसुद्धा नखं त्यांनी काउंटरवरून बघितलेली आहेत, आणि मॅनेजरांनी मुकाट्याने हात पुढे केलेला आहे, कारण ते आमच्याच शाळेचे.

निवृत्तीनंतर बाई पेटी शिकल्या, मग फोनवरची ए.आय. शिकल्या. शिकल्या म्हणजे त्यांनी त्या यंत्राला आपल्या वर्गात घेतलं. त्याला त्या 'नवा' म्हणत. वर्षाच्या मधेच बदली होऊन आलेला मुलगा असतो ना, हुशार आहे म्हणून सांगतात पण वर्गात कुणाला ओळखत नाही, तसा. "नाव ठेवायचं नाही," त्या म्हणत, "नाव ठेवलं की लाडावतो." नवा त्यांच्याशी अतिशय अदबीने बोले. 'आपण विचारलेला प्रश्न अत्यंत रोचक आहे,' अशी त्याची सुरुवात. बाई शिट्टी वाजवत आणि म्हणत, "कौतुक नको. उत्तर दे." मग त्याचं काही चुके. चुकलं की तो क्षमा मागे आणि पुन्हा तेच लिही. बाई माझ्याकडे वळून म्हणत, "आपल्या नववी ब मध्ये असे किती होते, आठवतं?"

हॉल होता वाचनालयाचा, भाट्याच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तिथे रविवारी सकाळी कार्यशाळा घ्यायची असं बाईंनी ठरवलं. गाणं, नाच, खेळ आणि ए.आय., सगळं एकत्र. काही माणसं हॉलमध्ये, काही व्हिडिओ कॉलने भिंतीवरच्या पडद्यावर. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, ही शांततेची जागा आहे. इथे वाचक असतात."

"कुठे आहेत ते दाखवा," बाई म्हणाल्या, "त्यांना मी त्रास देणार नाही."

खोलीत एक गृहस्थ होते, तेही वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेले. अध्यक्षांनी किल्ली दिली.

आता फलकाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या फलकामुळे झालं. बाईंनी पेंटरला मजकूर लिहून दिला होता: 'गाणं, नाच, खेळ आणि ए.आय. सर्वांसाठी कार्यशाळा.' पेंटर शिकलेला होता. बाईंच्या हातून काहीतरी चुकलंय असं त्याला वाटलं आणि त्याने ते सुधारून, मोठ्या लाल अक्षरांत 'ए आई' असं रंगवलं. बाईंची अपेक्षा कॉलेजच्या मुलामुलींची होती. पहिल्या रविवारी आल्या त्या सगळ्या बायका. कुणी शहरातल्या, कुणी आतल्या गावांतून सकाळच्या एस.टी.ने आलेल्या. पोरं मोठी होऊन नोकरीला गेलेली, नवरे बहुतेक मुंबईला. पिशवी मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या.

मी बाईंच्या कानाशी लागून म्हटलं, "घोटाळा झालाय. ह्यांना वाटतंय की आयांचा कार्यक्रम आहे."

पुढच्या रांगेतल्या बाईने ते ऐकलं. "मग आमी कोन हाव?" ती म्हणाली. "आयाच हाव."

बाईंनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. ही सुनंदा. काळीसावळी, बारीक, आवाज मात्र शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर सहज जाईल असा. "सर," बाई मला म्हणाल्या, "आल्यात ना? मग शिकवायचं. वायर."

फलक तसाच राहिला. पेंटरला बाईंनी एक शब्द बोलून दाखवला नाही. त्यांच्या स्वभावात हे बसणारं नव्हतं, म्हणून मी एकदा कारण विचारलं. "त्याची नखं बघितली," बाई म्हणाल्या, "नखांत लाल रंग भरलेला. बिचाऱ्याने मनापासून चूक केलीय."

कार्यशाळेचा पहिला नियम होता, आधी पाय, मग तोंड. हॉलला एक फेरी घातल्याशिवाय नव्याला कुणी काही विचारायचं नाही. फेरी साधी नव्हे, जाखडीची. जाखडी आपल्याकडे गणपतीत नाचतात. पायात चाळ बांधून गोल फिरायचं, मधे ढोलकी आणि गाणारे. पूर्वी तो पुरुषांचाच नाच. पण पुरुष मुंबईला आणि चाळ घरात खुंटीला, असं झाल्यावर बायकांनी तो कधीच उचललेला होता, कुणाला न विचारता. बायका फेरी घालत आणि मग दम लागलेल्या अवस्थेत नव्याला फर्मावत, "भाट्याच्या समुद्रावर गाणं लिही."

नवा लिही. भिंतीवर ओळी उमटत. 'भाट्याच्या सागरातून उगवे सोनेरी रवी.'

मग सुनंदा म्हणाली, "आमच्याकडं तर तो तितं बुडतो."

त्यावरून बाईंनी खेळ काढला. नव्याची ओळ पटली तर टाळी, चुकली तर डावा पाय आपटायचा, आणि आपटता आपटता बरोबर ओळ सुचेल ती म्हणायची. थोड्याच वेळात हॉलची जमीन हादरायला लागली. वर्तमानपत्राखालचे गृहस्थ उठून बसले आणि त्यांनीही एक पाय आपटला. कुणी फार लाजत, पुटपुटत म्हणू लागली की बाई म्हणत, "हळू चुकू नका. मला ऐकू येत नाही."

मला हे सगळं उगाच वाटे. एकदा चहा पिताना मी म्हटलं, "बाई, ह्या बायकांना जाखडी येते, ओव्या येतात, उखाणे येतात. मधे ते यंत्र कशाला?"

बाई बिनसाखरेचं कोकम सरबत पीत होत्या. ते त्या औषधासारखं, एका दमात पीत. ग्लास ठेवून म्हणाल्या, "माझ्यासमोर बायका लाजतात. एकमेकींसमोर तर फारच. त्याच्यासमोर लाजत नाहीत. आणि दुसरं, तो इतकं सपाट लिहितो की कुणालाही वाटतं, ह्यापेक्षा मी बरं लिहीन. उभ्या नोकरीत मला असा विद्यार्थी मिळाला नाही, सर. पुढच्या बाकावर बसून सगळ्यांना धीर देणारा."

पुढे बायकांनी नवऱ्यांना पडद्यावर आणायला सुरुवात केली. कुणी विरारहून, कुणी डोंबिवलीहून, रविवारची सुट्टी म्हणून बनियनवर. बाईंनी पहिल्याच दिवशी शिट्टी वाजवून सगळ्यांना शर्ट घालायला लावले. अडचण वेगळीच निघाली. इकडे टाळी वाजली की पडद्यावरची टाळी जरा मागून यायची. ताल धरायचा म्हटलं तर सगळा चिवडा. मी दोन रविवार वायरी बदलल्या, वाय-फायचा डबा खिडकीत ठेवला, कपाटावर ठेवला. बाई बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "उशीर होतो तर होऊ दे. आपण विचारायचं, त्यांनी उत्तर द्यायचं. उत्तर उशिराच येतं." जाखडीत तसंही एक बाजू सवाल करते, दुसरी जवाब देते. तेव्हापासून हॉल सवालाची बाजू आणि पडदा जवाबाची. मुंबईकर खूश झाले. त्यांना वाटलं आपल्याला मान दिला. खरं तर त्यांचं नेट हळू होतं.

सुनंदाचा नवरा रघुनाथ एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी होता. तो पडद्यावर यायचा तो स्टीलच्या पातेल्यांच्या उतरंडीसमोर बसून. बोलायचा काही नाही. टाळी मात्र इमानेइतबारे वाजवायचा, सगळ्यांत शेवटी.

एका रविवारी बाईंनी गाऱ्हाण्याचा खेळ ठेवला. देवाला घालतात ते गाऱ्हाणं नव्हे, माणसाला घालायचं. हॉलमधल्या एकीने पडद्यावरच्या कुणालातरी गाण्यातून तक्रार सांगायची, त्याने गाण्यातून जवाब द्यायचा. कच्चा मसुदा नव्याने करायचा. सुरुवातीला मजाच मजा. एकीने दिराला विचारलं, नेलेला पाटा-वरवंटा कधी आणून देणार. त्याने टाळीच्या तालावर कबूल केलं की तो त्याच्या बायकोने विकला. मग सुनंदा उठली.

नव्याने तिच्यासाठी लिहिलं, 'हे पतीदेवा, आपल्या विरहाने माझे अंतःकरण व्याकूळ जाहले.' हॉल हसून लोळला. सुनंदाही हसली.

बाई म्हणाल्या, "तुझ्या तोंडात बसतंय का गो हे?"

"नाय."

"मग बसेल असं कर. आधी पाय."

सुनंदाने फेरी धरली. चाळ वाजत होते, बायका टाळ्या देत होत्या. अर्ध्या फेरीत तिचं हसू गेलं. भिंतीसमोर आल्यावर ती थांबली आणि पडद्याकडे बघून म्हणाली,

"आंब्याला मोहर आला, तुमी फोन केला,
फवारनी झाली काय, इतकाच सवाल केला;
घरात मी पन र्‍हातंय, माजा कदी इचार केला?"

टाळ्या थांबल्या. पडद्यावर रघुनाथ पातेल्यांसमोर बसलेला, तोंड किंचित उघडं. हालत नव्हता. आम्ही थांबलो. उत्तर उशिरा येतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण हे फारच लांबलं. कुणीतरी म्हणालं, "नेट अडकलं." मी वायरीकडे जायला उठलो.

"सर, बसा," बाई म्हणाल्या. "नेट चालू आहे. तो पापणी हलवतोय."

मी बसलो. सुनंदा तशीच उभी होती, एका हातात पदराचं टोक. शेवटी रघुनाथचा आवाज आला. गाणं नव्हतं ते.

"काय इचारू, तेच कळत नाय," तो म्हणाला. "मी घर सोडलं तवाची सुनंदा मला म्हाईत हाय. आताची म्हाईत नाय. तिला काय इचारायचं?"

हॉलमध्ये एकदोघींनी डोळ्यांना पदर लावला. आता बाई काहीतरी मायेचं बोलतील असं आम्हा सगळ्यांना वाटलं. बाईंनी शिट्टी वाजवली.

"जवाब गद्यात चालत नाही," त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या. "पुढच्या रविवारी गाण्यात आणा. आणि नव्याची मदत घ्यायची नाही. तुमचं तुम्ही करायचं."

रघुनाथने मान हलवली. मग बाई आमच्याकडे पाठ करून खिडकीशी गेल्या आणि शिट्टी पदराने पुसत उभ्या राहिल्या. शिट्टीवर पुसण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवशी मी त्यांना स्कूटरवरून घरी सोडलं. एरवी मागे बसून त्या मला रस्ता सांगत, मी जन्मभर रत्नागिरीत राहत असूनही. त्या दिवशी गप्प होत्या. घरासमोर उतरल्यावर म्हणाल्या, "गुहागरला माझा भाऊ आहे, अनंता. महिन्याकाठी फोन करते मी त्याला. नारळ उतरवले का, सुपारी वाळली का, असं विचारते. तो सांगतो. मग ठेवते." बुटांवरची माती झटकून त्या आत गेल्या.

पुढच्या रविवारी रघुनाथ शर्टाची सगळी बटणं लावून बसला होता. पातेल्यावर ताल धरून त्याने जवाब म्हटला. आवाज बेसूर, यमक कुठेच जुळलेलं नाही. त्यात नुसते प्रश्न होते. पाठ दुखायची ती अजून दुखते काय. विहिरीवर जाताना ती घसरायची जागा नीट केली काय. संध्याकाळी चूल पेटवल्यावर तू कुठे बसतेस. सुनंदाने फेरी घालत एकेकाचं उत्तर दिलं. शेवटच्या प्रश्नाला ती फेरी सोडून म्हणाली, "पायरीवर. आनि कुटं बसनार?" ती तसंच नुसतं बोलली, पण त्या वेळी बाईंनी शिट्टी वाजवली नाही.

शिमग्याला रघुनाथ गावी आला आणि सुनंदाबरोबर हॉलवर आला. चपला काढून दाराशी अंग चोरून उभा राहिला. बाईंनी त्याची नखं बघितली आणि त्याला फेरीत ढकललं. त्यानंतर काही महिन्यांनी तो मुंबईची नोकरी सोडून कायमचा घरी आला. बाईंच्या कार्यशाळेमुळे, असं बायका म्हणतात. बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कॅन्टीन बंद झालं असेल." पण पुढचा सगळा रविवार त्यांनी एकाचीही चूक काढली नाही.

अनंतांना अर्धांगाचा झटका आला तो त्यानंतरच्या हिवाळ्यात. बोलणं गेलं, उजवा हात गेला. वहिनी आधीच वारलेल्या, मुलगी लांब सासरी. बाई तिथे जायचं म्हणाल्या. आम्हाला वाटलं, आठ-पंधरा दिवस. त्यांनी मात्र प्रोजेक्टर कुठे ठेवायचा, फलकाला पावसाआधी तेलपाणी कुणी करायचं, हे सगळं वाटून दिलं. कार्यशाळा सुनंदाकडे सोपवली. सुनंदा म्हणाली, "मला त्या नव्याला शुद्ध भाषेत काय सांगायला येत नाय." बाई म्हणाल्या, "त्याला ओरडलेलं कुठल्याही भाषेत कळतं."

गुहागरला त्यांनी भावाबरोबर काय केलं ते मला फोनवर कळायचं. बोलता येत नव्हतं तरी अनंतांना गुणगुणता येत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गाण्याचा उपयोग होतो कधीकधी. बाई रोज सकाळी पेटी घेऊन बसायच्या, नव्याकडून दोन-दोन शब्दांच्या ओळी काढून घ्यायच्या आणि अनंतांच्या डाव्या पायाने ताल धरून घ्यायच्या. "पहिला शब्द कुठला आला माहीत आहे?" एकदा त्यांनी फोनवर सांगितलं. "'पुरे.' मला म्हणतो, पुरे. मी म्हटलं, आता बोललास ना, आता पुरे कसं?" आणि त्या हसल्या. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी त्याच फोनवर सांगितली, जाता जाता. "लहानपणी मी शाळेत धावायला जायची ना, तर तो कुंपणामागून पळायचा माझ्याबरोबर. मला आत्ता कळलं. शब्दाला शब्द लावून सांगायला त्याला सकाळ पुरली नाही."

बाई गेल्या त्या गुहागरलाच. साधा ताप, मग फुप्फुसात पाणी, आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. ज्यांच्यासाठी गेल्या ते अनंता अजून आहेत. सुनंदा आणि रघुनाथ त्यांना भेटून आले. सुनंदा सांगत होती, ते आता अख्खं वाक्य बोलतात, फक्त प्रत्येक वाक्याआधी डावा पाय हलवतात.

मी बाईंना शेवटचं बघितलं ते जयगडच्या जेटीवर. गुहागरला जायला तिथून पलीकडे तवसाळला फेरीबोट जाते. मी त्यांना गाडीने सोडायला गेलो होतो. वाटेत त्यांनी मला तीन ठिकाणी चुकीचा रस्ता सांगितला आणि तिन्ही वेळा मी तो घेतला. जेटीवर बोट लागलेली होती. स्कूटरी, टेम्पो, मासळीच्या टोपल्या आत चढत होत्या. बाईंनी पेटी एका हातात घेतली. मी ती धरायला गेलो तर म्हणाल्या, "सर, खांदे सरळ." एवढं बोलून त्या आत गेल्या.

बोटीची फळी वर उचलली गेली. बाई कडेला बसायला गेल्या नाहीत, टेम्पोच्या बाजूला मोकळ्या जागेत उभ्या राहिल्या. इंजिन सुरू झालं. धडधड, धडधड, मधेच एक ठोका चुकणारं जुनं इंजिन. त्यांनी मान जराशी कलती केली. पेटी खाली ठेवली. चुकणारा ठोका कुठे येतो ते त्यांना थोड्या वेळाने सापडलं असावं, कारण त्या जागी त्या पांढऱ्या बुटाने पाय टाकायला लागल्या. एक मासळीवाली त्यांच्याकडे बघत होती. बाईंनी तिला हाताने जवळ बोलावलं, इंजिनाकडे बोट करून काहीतरी सांगितलं, आणि मला दिसलं ते असं, की टोपली खाली ठेवून तीही पाय टाकायला लागली.

बोट खाडीच्या मध्यावर गेली तरी दोघी तशाच होत्या. मागे वळून बघायला त्यांना सवड नव्हती. मी खांदे सरळ केले आणि गाडीकडे निघालो.